कचरा डेपोवर नवीन आलात? दवाखान्याचा आणि घातक कचरा ओळखून बाजूला काढायची पद्धत

डेपोवर नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच सांगतात: काटा बघ, पावती फाड, जेसीबीवाल्यावर लक्ष ठेव. ढिगात इंजेक्शनच्या सुया निघाल्या तर काय करायचं, तेजाबाचा कॅन फुटला तर कुठे पळायचं, कापसावरच्या औषधाची अर्धी बाटली कुणाच्या ताब्यात द्यायची, यातलं काहीच कुणी सांगत नाही. मी खानदेशातल्या एका नगरपालिकेच्या डेपोवर मुकादम आहे. जळगावचा आव्हाण्याचा डेपो असो, धुळ्याचा वरखेडीचा असो की एखाद्या तालुक्याच्या गावाबाहेरची पडीक जागा असो, कामाची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच. म्हणून नवीन मुकादम, काट्यावरचा ऑपरेटर आणि ठेकेदाराचा सुपरवायझर या तिघांना समोर ठेवून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. घातक कचरा गाडीत असेपर्यंत त्याचा मालक सापडतो. गाडीतून खाली उलटला, की तो डेपोचा होतो. त्यावरून जेसीबी फिरला, की तो कुणाचाच राहत नाही आणि कुणालाच वेगळा काढता येत नाही. म्हणून जमेल तेवढं काम गाडी उलटायच्या आधीच करायचं.

१. कागद आणि नंबर आधी जमवा

गेटवरच्या केबिनमध्ये एक फाईल आणि एक नोंदवही पाहिजे. फाईलमध्ये हे ठेवा:

- गावातल्या दवाखान्यांची, लॅबची, दातांच्या आणि गुरांच्या दवाखान्यांची यादी. आरोग्य विभागाकडून मागून घ्या. गुरांचा दवाखाना विसरू नका, जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम त्यालाही लागू आहेत.
- दवाखान्यांचा कचरा उचलणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीचा नंबर, तिचे वार आणि तिथल्या माणसाचा फोन.
- डेपोवर यायची परवानगी असलेल्या गाड्यांची यादी, प्रभागानुसार.
- प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयाचा फोन आणि तुमच्या आरोग्य निरीक्षकांचा फोन.
- १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, ११२ पोलीस. हे तीन भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. घाबरलेल्या माणसाला फाईल उघडायचं सुचत नाही.

नोंदवहीत तारीख, वेळ, गाडी नंबर, काटापावतीचा नंबर, काय सापडलं, कुठे ठेवलं, कुणाला कळवलं आणि सही एवढे रकाने पुरतात. ही वही ठेकेदाराच्या ताब्यात देऊ नका.

२. अंगावर काय पाहिजे

जाड तळव्याचे गमबूट. कापडी हातमोज्यावर रबराचा जाड हातमोजा. गॉगल. धुळीचा चांगला मास्क. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वरून उठून दिसणारं जाकीट. दवाखान्यात वापरतात तो पातळ पांढरा हातमोजा इथे कामाचा नाही, सुई त्यातून आरपार जाते.

साधनांमध्ये लांब दांड्याचा चिमटा, दाताळं, फावडं, जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा, पिवळ्या आणि लाल पिशव्यांचा थोडा साठा, दोन घमेली कोरडी वाळू, ब्लीचिंग पावडर, साबण आणि वाहतं पाणी. पाण्याची टाकी नळासकट पाहिजे. डोळ्यात काही उडालं तर बादलीत तोंड बुडवून भागत नाही.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी गमबूट-गॉगल घालून दुपारी काम करा म्हणणं म्हणजे माणसाला ते काढून फेकायला लावणं. त्यापेक्षा कामाची वेळ बदला. तपासणीचं आणि वेगळं काढायचं काम सकाळी ११ च्या आत उरका, दुपारी फक्त काटा आणि नोंदी. सावलीसाठी साधं पत्र्याचं शेड, प्यायला गार पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी ही सुरक्षेचीच साधनं आहेत, ती मागताना संकोच करू नका.

धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कावीळ ‘ब’ ची लस कामावर लागायच्या आधी घ्या. काविळीच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. पहिला घेऊन बाकीचे विसरणारे फार. तारखा नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सगळ्यांच्या.

३. गेटवर गाडी थांबवा

घंटागाडी असो की ट्रॅक्टर, काट्यावर उभी असतानाच बघायचं. वजन होतं तेवढा वेळ तुमचाच आहे. शिडी लावून वरून नजर टाका, मागचा फाळका थोडा खाली घेऊन बघा, आणि ड्रायव्हरशी बोला. दरडावून विचारलं तर खरं कळत नाही. “भाऊ, यामा काय शे?” असं सरळ विचारा. “काही नही, कचरा शे,” हे उत्तर ठरलेलं. मग पुढचा प्रश्न: कोणत्या रस्त्याने आलास, दवाखान्यांच्या गल्लीत कुठे थांबलास? रोजचा ड्रायव्हर चार दिवसांत स्वतःहून सांगायला लागतो, कारण सुई टोचायची भीती सगळ्यात आधी त्यालाच असते.

अशा गाडीकडे जास्त लक्ष द्या:

- रोजच्या वेळेपेक्षा उशिरा, अंधार पडताना आलेली.
- यादीत नसलेली खासगी पिकअप, विशेषतः “साहेबांनी सांगितलंय” म्हणणारी. साहेबांना तिथूनच फोन लावा.
- वरून घट्ट ताडपत्री आणि वरच्या थरात फक्त पालापाचोळा.
- फिनेल, तेजाब, रंग किंवा फवारणीच्या औषधाचा उग्र वास. फळीखालून रंगीत किंवा फेसाळ पाणी गळत असेल तर गाडी काट्यावरही घेऊ नका, बाहेर मोकळ्या जागेत उभी करा आणि कचऱ्याजवळ नाक नेऊ नका.
- धूर किंवा गरम वाफ. हॉटेलची नाहीतर भट्टीची राख वरून गार दिसते, आत निखारा असतो.

शंका आली की गाडी आत न घेता बाजूला लावायची. परत पाठवायची घाई मात्र करू नका. परत गेलेली गाडी पुष्कळदा वाटेतल्या नाल्यात किंवा गिरणेच्या काठावर रिकामी होते, आणि तोच कचरा पुराबरोबर खालच्या गावात पोचतो. आधी फोटो, नोंद, निरीक्षकांना फोन. गाडीचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

४. पातळ थरात उलटा

गेटवरून सुटलेलं इथे सापडतं. गाडी थेट ढिगावर उलटू देऊ नका. शेजारी मुरूम टाकून सपाट केलेली जागा ठेवा, तिथे उलटा आणि दाताळ्याने गुडघ्याच्या खाली येईल एवढा पसरवा. एक फेरी बघून झाली की मगच जेसीबी. पिशवी लाथेने उघडायची नाही, हाताने दाबून बघायची नाही, उचलून अंगाशी धरायची नाही. दाताळ्याच्या टोकाने फाडायची आणि दोन पावलं मागे व्हायचं.

५. दवाखान्याचा कचरा ओळखा

दवाखान्यात चार रंग असतात. पिवळ्यात रक्ताने भरलेला कापूस-पट्ट्या, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये सलाईनच्या नळ्या आणि बाटल्या, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया, ब्लेड. निळ्यात काचेच्या बाटल्या आणि औषधाच्या कुप्या. पिशवीवर एकमेकींत अडकलेल्या तीन चंद्रकोरींसारखं चिन्ह असतं आणि बारकोड असतो. त्या बारकोडवरून पिशवी कोणत्या दवाखान्याची ते कळतं, म्हणून तेवढा भाग फाटू देऊ नका.

ज्याला नियम मोडायचाय तो रंगीत पिशवी कशाला पाठवेल? तो साध्या काळ्या पिशवीत भरतो आणि वर जेवणाचे उरलेले डबे टाकतो. तेव्हा रंगापेक्षा आतल्या वस्तूंवर भर द्या. पिशवी आकाराच्या मानाने हलकी आहे पण हलवली की काच किणकिणते. बाहेर पारदर्शक नळी लोंबतेय. कापसाचे तपकिरी गोळे. सारख्या मापाच्या छोट्या कुप्या पुष्कळ. एखाद-दुसरी सिरिंज घरातूनही येते, मधुमेहाचे पेशंट घरोघर आहेत. पण एकाच पिशवीत वीस सिरिंज निघाल्या तर त्या घरातल्या नव्हेत.

उलट बाजूचीही चूक टाळा. दवाखान्याचं शिळं अन्न, फळांची सालं, औषधांची रिकामी खोकी, कागद हा साधा कचरा आहे आणि तो घ्यायलाच पाहिजे. सरसकट अडवलं तर सगळंच चोरून यायला लागतं. रावेर-यावलकडून आलेल्यांना हेही सांगतो, की केळीच्या घडाला घालायच्या काही पिशव्या निळ्या असतात. निळं प्लास्टिक दिसलं म्हणजे दवाखाना, असं नसतं. मात्र घडावर औषध मारलेलं असू शकतं, म्हणून त्याही मोकळ्या हाताने गोळा करू नका.

६. सापडलं, आता पुढे

काम थांबवा, जेसीबी बंद करा, भोवती दोरी बांधा. मग फोटो काढा: एक लांबून, ज्यात गाडीचा नंबर आणि कचरा दोन्ही येतील, एक जवळून, बारकोड किंवा दवाखान्याच्या नावाचा कागद दिसेल असा. त्या कागदांवर पेशंटची नावं आणि रिपोर्ट असतात. ते फोटो निरीक्षकांना पाठवा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. कुणाचा आजार गावभर होणं हे वेगळंच नुकसान आहे.

निरीक्षक आले की पंचनामा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. त्यानंतर चिमट्याने उचलून पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, डबा कुलपाच्या खोलीत. खोलीला छप्पर आणि सिमेंटची फरशी पाहिजे, कुत्री-डुकरं शिरता कामा नयेत. प्रक्रिया न केलेला पिवळ्या प्रकारातला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नसतो, म्हणून केंद्राच्या गाडीला त्याच दिवशी फोन करा आणि माल देताना पोच घ्या.

पुरून टाका, पेटवून द्या, असं सांगणारे अनुभवी लोक भेटतील. ऐकू नका. उघड्यावर जाळलेल्या सलाईनच्या नळ्यांचा धूर तुमच्याच छातीत जातो आणि सुई जळत नाही, राखेत तशीच राहते. प्रक्रिया केंद्रातल्या भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशांच्या आसपास तापमान असतं, काडी लावून ते होत नाही.

मानवी अवयव किंवा अर्भक निघालं तर काहीही हलवायचं नाही. थेट ११२. पोलीस येईपर्यंत तिथे कापड झाकून एक माणूस उभा करा आणि गर्दी होऊ देऊ नका.

रक्त सांडलेल्या जागेवर टाकायचं पाणी असं करा: एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, उघड्या हवेत, रोजच्या रोज नवीन. अर्धा तास राहू द्या. त्यात तेजाब, संडास धुवायचं ॲसिड असलं काही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

७. सुई टोचली तर

हा भाग दोनदा वाचा. टोचली की हातमोजा काढा आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवा. पिळून रक्त काढायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही, ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचं नाही. डोळ्यात उडालं असेल तर नुसत्या पाण्याने धुवा.

मग लगेच सरकारी दवाखान्यात. “पीईपी पाहिजे” असे शब्द वापरून सांगा. एचआयव्हीची लागण टाळायच्या या गोळ्या पहिल्या २ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं, आणि ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग धरत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडचे असाल तर जिल्ह्याच्या गाडीची वाट बघत बसू नका, आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. काही विचारायचं असेल तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे. काविळीच्या लसीच्या तारखा सोबत न्या, डॉक्टर ते विचारतातच.

माणसं टोचल्याचं लपवतात. रोजंदारी बुडेल, घरी काय वाटेल, ठेकेदार काढून टाकेल. त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका, की टोचलेल्या माणसाची हजेरी कापली जाणार नाही. आणि ते पाळा. एवढ्या एका गोष्टीने लोक वेळेत बोलायला लागतात.

८. फवारणीच्या बाटल्या

खानदेशात हा घातक कचरा दवाखान्यापेक्षा जास्त येतो, आणि त्याला कुणी घातक म्हणत नाही. जुलै ते ऑक्टोबर कापसाचा हंगाम. आठवडे बाजाराच्या गावातून येणाऱ्या ट्रॉलीत या बाटल्या हमखास असतात. लेबलवर कोनावर उभा केलेला चौकोन आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. अक्षरं पुसली गेली तरी हा रंग बहुतेक वेळा दिसतो.

बाटली रिकामी आहे असं धरून चालू नका. टोपण उघडायचं नाही, वास घ्यायचा नाही, डेपोवर धुवायची नाही. धुतलेलं पाणी जमिनीत उतरतं आणि शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत जातं. उभ्या ठेवून, टोपण घट्ट करून, वाळू घातलेल्या ड्रममध्ये ठेवा, ड्रमवर मोठ्या अक्षरात “विष” लिहा आणि कुलूप लावा. या बाटल्यांना भंगारात भाव येतो, म्हणून त्या कचरावेचकांच्या पोत्यात जातात आणि पुढे कुणाच्या तरी घरी रॉकेल-तेल भरायला वापरल्या जातात. तुमच्या डेपोवरून एकही बाटली भंगारात जाऊ देऊ नका.

कुणाला मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यातून पाणी, दरदरून घाम, अंधुक दिसणं असं सुरू झालं, तर त्याला उन्हातून हलवा, अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने धुवा आणि १०८ बोलवा. उलटी मुद्दाम काढू नका. बाटली किंवा लेबलचा फोटो दवाखान्यात सोबत द्या. कोणतं विष ते कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

९. कारखाना, गॅरेज, सराफी

कारखान्याचा घातक गाळ, वापरलेलं तेल, रंगाचा चोथा हे पालिकेच्या डेपोवर यायलाच नको. तो माल प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे जातो आणि त्याच्यासोबत ‘नमुना १०’ चं चलन असतं. एमआयडीसीकडून आलेला ड्रम, घट्ट चिखलासारखा रंगीत गाळ किंवा कवटीचं चिन्ह दिसलं तर ड्रायव्हरकडे चलन मागा. चलन असेल तर गाडी चुकीच्या जागी आली आहे, नसेल तर लपवून आली आहे. दोन्ही वेळा उलटायची नाही, मंडळाला फोन करायचा.

सोनं गाळणाऱ्या कारागिरांकडून तेजाबाच्या बाटल्या येतात. बाटली आडवी करू नका, फुटली तर वाळू टाका आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. अंगावर उडालं तर १५-२० मिनिटं सतत पाणी ओता, घड्याळ लावून.

तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं किरणोत्सर्गाचं चिन्ह असलेली किंवा शिशाची जड पेटी दिसली तर सगळ्यांना लांब करा आणि ११२ लावा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं यंत्र फोडलं गेलं आणि एका माणसाचा जीव गेला. असं शंभरात एकदाही होणार नाही, पण चिन्ह माहीत असू द्या.

१०. घरातून येणारं

ट्यूबलाईट आणि सीएफएल मध्ये पारा असतो, फोडू नका, आडव्या खोक्यात ठेवा. मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्या वाळूच्या घमेल्यात, इतर कचऱ्यापासून लांब. कंपॅक्टरमध्ये दाबल्या की पेट घेतात, आणि उन्हाळ्यातल्या डेपोच्या आगींकडे बघताना हे लक्षात ठेवा. स्प्रेचे डबे तसेच. डायपर-पॅड दवाखान्याचा कचरा नव्हे, पण हात लावायचा नाही.

घरगुती घातक कचरा जमा करायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं अशी तरतूद घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत होती. तुमच्या गावात असं केंद्र कुठे आहे ते विचारा. नसेल तर लेखी मागणी करा, प्रत ठेवा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, टोपण लावून वेगळ्या द्या, हे घंटागाडीच्या भोंग्यावरून आठवड्यातून एकदा सांगितलं तरी फरक पडतो.

११. कचरावेचकांना सोबत घ्या

कोणत्या गाडीत काय आलं ते यांना तुमच्या आधी कळतं. त्यांना हाकलून लावलं तर ते रात्री येतात, उजेडाशिवाय, अनवाणी. त्यांची नोंद करा, गमबूट-हातमोजे मिळवून द्या, सुई दाखवणाऱ्याला रागावू नका. लाल पिशवीतली सलाईनची बाटली त्यांना विकायला चांगली वाटते, तेव्हा ती का घ्यायची नाही हे बसून समजावा. पोरांना डेपोवर येऊ देऊ नका, यात सूट नाही.

१२. जुना ढीग उकरताना

बायोमायनिंगचं, म्हणजे जुना ढीग उकरून चाळून वेगळा करायचं काम सुरू झालं असेल तर चाळणीच्या पट्ट्यावर वर्षानुवर्षांच्या सुया आणि कुप्या वर येतात. गंजलेल्या असतात, मातीच्या रंगाच्या होतात, नजरेला पटकन दिसत नाहीत. पट्ट्यावर हाताने वेचायला माणूस उभा करणार असतील तर जाड हातमोजा आणि चिमटा असल्याशिवाय पट्टा सुरू करू देऊ नका. चाळून निघालेली माती शेतात टाकायला मागणारे शेतकरी येतात. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत एकही ट्रॉली सोडू नका, ठेकेदार कितीही घाई करो.